विसर्जनाची वाट आणि मुरमाचे तळे

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्यापैकी चौघे-पाचजण पोती, घमेली आणि लांब काठ्या घेऊन बाजारहत्नूरच्या शिवारातल्या मुरमाच्या खदानीवर जातो. पाण्यावर तरंगणारे निर्माल्य, केळीचे खांब, थर्माकोलचे तुकडे काढायचे, एवढेच काम. एका वर्षी पाऊस ओढून धरला आणि मूर्ती बुडेल एवढे पाणी फक्त त्या खदानीत होते, म्हणून मिरवणूक तिकडे वळली. पुढे तीच रीत पडली. आमचे लक्ष पाखरांकडे गेले ते या सफाईच्या सकाळी. ढोल-ताशे थांबून बारा तासही झालेले नसतात आणि काठच्या चिखलात एखादा धोबी शेपूट खालीवर करीत फिरत असतो. हिमालयाकडून आणि त्याच्याही पलीकडून येणारे हे पाहुणे आपल्याकडे गणपतीच्या आगेमागे पोचू लागतात, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते.

खदान म्हणजे काही देखणी जागा नव्हे. रस्त्याच्या भरावासाठी मुरूम काढला, खाली घट्ट खडक लागला, यंत्रे निघून गेली, पुढच्या पावसाळ्यात खड्डा भरला. पण तिची घडण पाखरांना फार सोयीची आहे. टिपर उतरावेत म्हणून एका अंगाला उतार ठेवलेला असतो. पाणी उतरले की तिथे चिखलाचा पट्टा उघडा पडतो आणि त्यावर कंठेरी चिखल्या, तुतारी, शेकाट्या चरतात. उरलेल्या बाजू उभ्या तुटलेल्या असतात. त्या मऊ मुरमाच्या भिंतीत वेडा राघू आणि कवड्या खंड्या बिळे कोरून अंडी घालतात. मध्ये खोल पाणी, त्यात टिबुकली बुड्या मारते आणि पाणकावळे पंख वाळवीत काठावर बसतात. टिटवी तर गोट्यांतच अंडी घालते आणि आपण वीस पावलांवर असतानाच आरडाओरडा सुरू करते.

आमची मूर्तीही त्या टिपरच्या उतारानेच पाण्यात जाते. त्या एका संध्याकाळी तिथे दिव्यांच्या माळा लागतात, बांबूचे कठडे बांधले जातात, पोहणारी पोरे दोर घेऊन उभी राहतात, पोलीसही असतात. दुसऱ्या दिवसापासून मात्र उताराच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या पडतात. दोन वर्षांपूर्वी पोरांना चिखल्या दाखवायला म्हणून आम्ही थंडीत गेलो, तर तिथे बसलेल्या माणसाने विचारले, "कुणाला विचारून आलात?" उत्तर आमच्याजवळ नव्हते. मग विचारायला निघालो. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे पाठवले, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, तिसऱ्याने सांगितले की आमच्या नकाशात तिथे पाणीच नाही. हे शेवटचे वाक्य मात्र आमच्या मनात राहिले. पाणी डोळ्यांना दिसते आणि कागदाला दिसत नाही, हे कसे? हा लेख त्या प्रश्नामागे लागून लिहिला आहे.

आपल्या भागाचे जुने कागद निजामी राज्यातले. सालारजंगांच्या सुधारणांनंतर मोजणी आणि शेतसाऱ्याची घडी बसली. पुढे १३१७ फसलीत, म्हणजे १९०७ च्या सुमारास, हैदराबादचा जमीन महसूल कायदा झाला. त्या कागदांतले शब्द आजही आपल्या तोंडी आहेत. गुरांसाठी राखलेली ती गायरान. तलावाच्या पाण्याखाली जाणारी ती शिकम. शिकम म्हणजे फारशीत पोट. तलावाचे पोट कुठवर आहे हे लिहून ठेवले, म्हणजे तिथे कुणी कायमचा नांगर घालू नये आणि गुरे पाण्यापर्यंत जावीत. शब्द निवडणाऱ्याला पाण्याची जाण होती, असे म्हणावे लागेल. पण खदान शिकममध्ये बसत नाही, कारण तिचे पोट बांध घालून तयार झालेले नाही. जुनी माणसे सांगतात की ती जागा मूळची गायरान. म्हणजे कागदावर तिथे अजून गवत उगवते आहे.

पाखरांकडे शिकारीवाचून बघण्याची सरकारदरबारची पहिली मोठी खटपटही निजामी राज्यातच झाली, याचा आपल्याला थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही. १९३१-३२ मध्ये सालिम अलींनी मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीतर्फे हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. संस्थान सरकारने त्याला पैसा दिला. पत्नी तेहमिना बरोबर असायच्या आणि मुक्काम तंबूत. तिचे वृत्तान्त १९३३-३४ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. तेव्हाच्या शास्त्रीय रीतीप्रमाणे पाहणी म्हणजे नमुने मारून, कातडी भरून जपणे. दुर्बीण होती, पण बंदूकही होती. आणि वाट? सरकारच्या पाठबळाने आलेल्या पाहुण्याला "कुणाला विचारून आलात" असे कोण विचारणार! तोच प्रश्न गावकऱ्याला मात्र पावलोपावली विचारला जाई. याच जिल्ह्यात राखीव जंगलाच्या हद्दी आदिवासींच्या शेतांवर आणि पाणवठ्यांवर येऊन टेकल्या. त्यातून कोमराम भीमांचा लढा उभा राहिला आणि १९४० साली जोडेघाटला ते मारले गेले. जल, जंगल, जमीन ही त्यांच्या नावाशी जोडलेली घोषणा आज भिंतीभिंतींवर आहे. आमची मागणी तिच्यापुढे अगदीच लहान आहे, याची आम्हाला जाणीव आहे. पण पाण्याच्या काठी उभे राहायला कुणाची परवानगी लागते, हा प्रश्न या जिल्ह्याला नवा नाही, एवढे सांगायचे होते.

१ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्ये झाली. आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. आपल्या बोथ तालुक्यातून इस्लापूरचे सर्कल तेवढे उचलून तिकडे दिले आणि बाकीचा बोथ इकडे राहिला. एकाच तालुक्याच्या दोन तुकड्यांना त्या दिवसापासून दोन राज्यांचे कायदे लागू झाले. आमच्यातल्या कित्येकांची आजोळे त्या पलीकडच्या तुकड्यात आहेत. सोयरीक तुटली नाही, पण सातबारा तिकडचा आणि पहाणी पत्रक इकडचे, असे झाले. म्हणून पाण्याच्या वाटेचा शोध घेताना आम्ही साहजिकच पैनगंगेपलीकडे पाहिले.

आणि तिकडे, वऱ्हाडाच्याही पुढे, भंडारा-गोंदिया-चंद्रपूरच्या भागात, आम्हाला आमच्या प्रश्नाचा एक जुना आणि फार समजूतदार जबाब सापडला. तो भाग तलावांचा. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या लोकांनी तिथे बांध घालून तलाव उठवले. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधल्याचे सांगतात. इंग्रजी अमलात गावे मालगुजारांची झाली आणि तलावही त्यांचे झाले. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि लोकांनी त्यांना नाव दिले 'मामा तलाव'. मामा म्हणजे माजी मालगुजारी. सरकारी संक्षेप इतका घरगुती होऊन बसल्याचे दुसरे उदाहरण आम्हाला तरी ठाऊक नाही.

मालक कोणीही असो, त्या भागात गावकऱ्यांचा निस्तार मात्र चालत आला. निस्तार म्हणजे रोजच्या जगण्यासाठी लागणारी सवलत: गुरांना पाणी, धुणे, अंघोळ, सरपण, माती. ही सवलत तोंडी राहिली नाही. निस्तार पत्रकात गावाच्या मोकळ्या जमिनीवर कुणाचा काय वापर आहे ते लिहिले गेले. वाजिब-उल-अर्ज नावाच्या कागदात पाटाच्या पाण्याची, जाण्यायेण्याच्या वाटेची आणि मासेमारीची वहिवाट नोंदली गेली. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत हे दोन्ही कागद आजही आहेत. आम्हाला यात जे महत्त्वाचे वाटते ते असे की, तलाव कुणाचा हे न ठरवताही त्याच्या काठाला जायची वाट कुणाची, हे ठरवता येते. मालकी आणि वहिवाट यांचे रकाने वेगळे. आमच्या खदानीबाबत सगळी कार्यालये पहिल्या रकान्यावर अडली होती, म्हणून दुसऱ्याकडे कुणी आलेच नाही.

नवेगावबांधचे नाव घेतल्यावर मारुती चितमपल्लींना विसरून कसे चालेल! वनखात्यात नोकरी करता करता त्या तलावाच्या काठाने त्यांनी जे पाहिले, ते मराठी वाचकाला दिले. आमच्यातल्या अनेकांनी चिखल्या, वारकरी, कमळपक्षी ही नावे आधी त्यांच्या पुस्तकांत वाचली आणि पाखरे नंतर पाहिली. त्यांच्याजवळ ही माहिती आली कुठून? बरीचशी ढिवरांकडून, कोहळ्यांकडून, गोंडांकडून. म्हणजे ज्यांना निस्ताराने काठावर रोज जाता येत होते, त्यांच्याकडून. काठ बंद असते तर ती नावेही बंद झाली असती. १९७५ मध्ये नवेगावला राष्ट्रीय उद्यान झाले. महाराष्ट्रात आता ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. ५ तारीख चितमपल्लींच्या जन्माची, १२ सालिम अलींच्या. नदीच्या अलीकडे आम्हाला तो सरकारी नाही, पण पाळायला कोण अडवतो?

माणसाने केलेल्या पाण्यावर पाखरे येतात आणि मग कायदा येतो, हे महाराष्ट्रात पुढेही घडत राहिले. गोदावरी-कादवेच्या संगमावरचा नांदूर मधमेश्वरचा बंधारा शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला. गाळ साचला, बेटे झाली, पाणगवत वाढले आणि पाखरांचे थवे उतरू लागले. सालिम अलींनी त्याला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले. १९८६ मध्ये अभयारण्य झाले आणि २०२० च्या जानेवारीत राज्यातले पहिले रामसर स्थळ म्हणून ते जाहीर झाले. पैठणचे धरण १९७६ चे. आपल्यासारखेच निजामी राज्यातून आलेले ते गाव. तिथल्या नाथसागरालाही १९८६ मध्येच अभयारण्याचा दर्जा मिळाला. उजनीचे पाणी मात्र अभयारण्य न होताच प्रसिद्ध पावले. भिगवणजवळ कुंभारगाव, डिकसळ इथले मच्छीमार आज रोहित पाखरे दाखवायला पाहुण्यांना होडीतून नेतात. जाळ्याची होडी तीच, सकाळचे काम वेगळे.

यात एक गंमत आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे अठ्ठाविसावे कलम सांगते की वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन यांसाठी अभयारण्यात जायला परवाना देता येतो. म्हणजे जिथे जायला बंदी आहे तिथे पाखरे बघण्याला कायद्यात जागा आहे, आणि जिथे बंदी नाही त्या खदानीवर ती नाही.

खदानीच्या पाण्यावर पाखरे बघायचा खरा पायंडा इंग्लंडात पडला. आमच्या एका सभासदाचा मुलगा नोकरीनिमित्त नॉटिंगहॅमला होता. हे दांपत्य त्याच्याकडे गेले असता रविवारी त्याने त्यांना ॲटनबरो नावाच्या तळ्यांवर नेले. "आई, ही आपल्या खदानीसारखीच खदान आहे बरं का," असे तो म्हणाला, तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. ट्रेंट नदीच्या काठी १९२९ पासून तिथे वाळू-खडी काढत होते. खड्डे पाण्याने भरले आणि पाखरे आली. १९६६ मध्ये तिथे राखीव क्षेत्र झाले. त्याचे उद्घाटन डेव्हिड ॲटनबरो यांनी केले. गावाचे नाव आणि त्यांचे आडनाव एकच, हा योगायोग लोकांनी बरोबर साधला. महत्त्वाचे हे की खडी काढणे तेव्हा संपलेले नव्हते. एका तळ्यावर यंत्र चालू आणि दुसऱ्यावर दुर्बिणी, असे अनेक वर्षे नांदले.

आपला कंठेरी चिखल्या तिकडच्या खदानींच्या इतिहासात मोठा मानकरी आहे. इंग्लंडात त्याची वीण पहिल्यांदा नोंदली गेली १९३८ मध्ये, ट्रिंग इथल्या जलाशयाच्या कोरड्या पडलेल्या तळावर. महायुद्धानंतर घरे-रस्त्यांसाठी खडीच्या खाणी वाढल्या आणि चिखल्या त्यांच्या उघड्या गोट्यांवर पसरत गेला. जुन्या काळी टोप्यांच्या पिसांपायी जवळजवळ संपत आलेल्या शेंडीवाल्या मोठ्या टिबुकलीलाही या नव्या तळ्यांनी हात दिला. त्या टिबुकलीची देशभर मोजणी तिकडच्या हौशी लोकांनी केली ती १९३१ मध्ये, म्हणजे सालिम अली आपल्या संस्थानात तंबू ठोकत होते त्याच साली. तिकडे मोजणारे शेकडो सामान्य लोक, इकडे सरकारी पाठबळाचा एक अभ्यासक. तुलना करून स्वतःला कमी लेखायचे कारण नाही. त्यांच्याकडे मोटारी आणि रविवारची सुट्टी होती, आपल्याकडे तेव्हा रझाकारांच्या आधीची ती अस्वस्थ वर्षे.

जगाने खदानीला पाणथळ जागा म्हणून मान्यता दिली आहे. इराणातल्या रामसर गावी १९७१ मध्ये झालेल्या कराराच्या वर्गवारीत खडी, विटा, माती यांच्या खाणींत साचलेल्या पाण्याला स्वतंत्र प्रकार दिला आहे. भारत १९८२ पासून त्या करारात आहे. आपल्या देशाने जलसाठ्यांची पहिली गणना केली, तिचा अहवाल २०२३ मध्ये आला. चोवीस लाखांहून अधिक तळी, तलाव, टाक्या मोजल्या गेल्या. आम्ही मोठ्या उत्साहाने तिची व्याख्या वाचली. काय मोजायचे नाही, त्या यादीत खाणकाम, वीटभट्टी, बांधकाम यांसाठी खणलेल्या आणि पावसाळ्यात भरणाऱ्या तात्पुरत्या खड्ड्यांचा उल्लेख सापडला. 'नकाशात तिथे पाणीच नाही' असे सांगणारा तो कारकून खोटे बोलत नव्हता, हे तेव्हा कळले. आमची खदान उन्हाळ्यातही आटत नाही, पण तात्पुरती कशाला म्हणायचे हे ठरवायला वैशाखात तिथे कोण येणार?

वाट मग कुठून निघते? आदिलाबाद जिल्ह्यातली बरीच गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. अशा गावांत १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. त्यात लहान जलसाठ्यांचे नियोजन पंचायतीकडे सोपवायचे म्हटले आहे, आणि मुरमासारख्या गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस घ्यावी, असेही म्हटले आहे. खणायच्या आधी गावाला विचारायचे, आणि पाणी झाल्यावर गावाने सांभाळायचे. दोन्ही टोके एकाच कायद्यात आहेत. जिथे हा कायदा लागत नाही तिथेही ग्रामसभा आहेच. निस्तार पत्रक आपल्या राज्यात नसले, तरी ठराव करून वहिवाट लिहून ठेवायला कोणती अडचण आहे, हे आम्हाला अजून कुणी सांगितलेले नाही.

आमच्यातही यावर एकमत नव्हते. खदानीत पोरे बुडतात ही खरी गोष्ट आहे. उभ्या कडेवरून पाय घसरला की धरायला काही नसते आणि खोली एकदम लागते. काट्या टाकणाऱ्या माणसाची भीती खोटी म्हणता येत नाही. आमच्या बैठकीत एका आजींनी स्पष्ट सांगितले, "पाखरं बघा, पण माझा नातू त्या कडेला गेला तर मी तुमची दुर्बीण पाण्यात टाकीन." दुसरी अडचण मासेमारीची. तिथे गळ टाकून बसणारी दोन-तीन घरे आहेत. आपण वाट मागितली आणि उद्या त्यांनाच हटवले, तर आपण काय मिळवले? तिसरी, आमची स्वतःची. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती आणि तेलरंग त्या पाण्यात आपणच सोडत होतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सुधारित सूचनांत अशा मूर्ती नकोत असे स्पष्ट आहे. पाखरांसाठी काठ मागायचा आणि पाणी बिघडवायचे, हे शोभत नव्हते. यंदा मूर्ती शाडूची आहे. थोडी लहान आहे, त्यावरून कुरबूर झाली, ती मिटली.

पंचायतीला दिलेल्या अर्जात आम्ही मालकीचा विषय काढलेलाच नाही. टिपरच्या उताराने विसर्जनाला जशी वाट असते तशी ती वर्षभर सकाळी उघडी राहावी. उभ्या कडांच्या बाजूला कायमचा कठडा व्हावा, काट्या टाकायच्या तर तिकडे टाकाव्यात. मासे धरणाऱ्यांची वहिवाट त्याच ठरावात लिहावी. आणि माघापासून ज्येष्ठापर्यंत, वेड्या राघूची बिळे असताना, दक्षिणेच्या भिंतीतून कुणी मुरूम काढू नये. अर्ज तेलुगूत लिहिला, कारण कार्यालयाची भाषा ती. चिखल्याला तेलुगूत काय म्हणतात यावर आमची एक संध्याकाळ गेली. शेवटी शेजारच्या शिक्षकांनी मदत केली.

उत्तर अजून आलेले नाही. दरम्यान पाणपक्ष्यांची आशियाई गणना दर जानेवारीत होते. १९८७ पासून चालू असलेल्या या गणनेत कुणालाही भाग घेता येतो, फक्त जागेला नाव द्यावे लागते. आमच्या खदानीला नाव नव्हते. बैठकीत बरीच नावे निघाली, थोरामोठ्यांचीही निघाली. शेवटी पोरे जे म्हणतात तेच ठेवायचे ठरले, 'गणपतीची खदान'. जानेवारीच्या यादीत त्या नावापुढे पहिले आकडे भरायचे आहेत. ज्यांना यायचे असेल त्यांनी उजाडण्याआधी मंडपाच्या जागेशी जमावे. दुर्बिणी दोनच आहेत, त्या आळीपाळीने मिळतील. लहान मुलांना बरोबर आणणाऱ्यांनी त्यांचा हात सोडू नये. आजीही येणार आहेत.